शब्दाची सोयरीक पाहूनच शब्द घरात आण

वाचकाचं पत्र

‘मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेज तालुक्याला. यंदा बी.ए. झालं. इंग्रजी वाचलं तर बऱ्यापैकी समजतं, पण बोलायला-लिहायला शब्द पुरत नाहीत. म्हणून पाच हजार शब्दांचं एक जाड पुस्तक आणलं आणि रोज चाळीस शब्द पाठ करायला लागली. संध्याकाळी सगळे येतात, आठवड्यानं दहाही आठवत नाहीत. मागच्या महिन्यात एका फेलोशिपच्या मुलाखतीला नागपूरला गेली होती. त्यांनी वडिलांबद्दल विचारलं. माझे बाबा कापसातले जाणकार आहेत, चार गावचे लोक त्यांना विचारायला येतात. मी म्हटलं, “माय फादर इज अ नोटोरियस फार्मर.” समोरचे तिघंही हसले. एकानं विचारलं, “कोणत्या पोलीस ठाण्यात?” घरी येऊन पुस्तक उघडलं तर “फेमस”च्या पुढं “नोटोरियस” दिलेलाच होता. बाबांनी विचारलं, कशी झाली मुलाखत? मला काही सांगताच आलं नाही. ॲडव्हान्स्ड शब्द कसे वाढवायचे? किती लागतात? मराठी वाचणं बंद करू का? फोन भावाचा आहे, रात्रीच मिळतो. आणि दिवाळीपासून वेचणी लागली की मी दिवसभर वावरात असते.’

उत्तर

पोरी,

प्रश्न तू शेवटी विचारलेस, पण दुखणं पत्राच्या मधोमध आहे. म्हणून आधी तेच घेते. चुकीचा शब्द गेला हे खरं. पण उमेदवाराच्या बापावरून विनोद करणं मुलाखत घेणाऱ्याला शोभत नाही, आणि त्याची लाज तू बाळगायची नाहीस.

‘नोटोरियस’चं मूळ लॅटिनमधलं, अर्थ ‘माहीत असलेला’. इंग्रजीतही एके काळी तो ‘सर्वांना ठाऊक’ एवढाच साधा शब्द होता. पुढे तो चोर, दरोडेखोर, बदनाम अड्डे यांच्याच नावाआधी येऊ लागला, त्याला संगतीचा गुण लागला आणि आज त्याचा अर्थ ‘कुप्रसिद्ध’ असा आहे. तुझ्या पुस्तकानं त्याला ‘रिनाउन्ड’, ‘एमिनंट’ यांच्या पंगतीत बसवलं आणि कोण कुठून आलंय ते सांगितलं नाही. आपल्याकडेही हेच आहे. एखाद्या परदेशी माणसानं यादीवरून नामवंत, नामांकित, नामचीन हे शब्द पाठ केले आणि तुमच्या शाळेच्या कार्यक्रमात ‘आमचे नामचीन मुख्याध्यापक’ म्हटलं, तर काय होईल? ‘नामचीन’च्या पुढं आपल्याला गुंडच दिसतो. हे तुला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही. तो शब्द तू प्रत्येक वेळी गुंडाच्याच शेजारी ऐकलास, एवढंच.

मी एकतीस वर्षं तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. याद्या पाठ करणारी मुलं दरवर्षी असायची, आणि फार मेहनती असायची. त्यांचं नुकसान पाहून मला वाईट वाटायचं, कारण मेहनत खरी होती आणि वाट चुकीची. आपल्याकडे मुलीचं लग्न ठरवताना नुसतं नाव ऐकून कोणी होकार देत नाही. गाव कोणतं, सोयरे कोण, उठणं-बसणं कोणाशी, सगळं विचारतात. शब्दाची तशीच चौकशी करायची. पाऊस मुसळधार असतो, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं. ‘मुसळधार थंडी’ म्हटलं तर अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. इंग्रजीत पावसाची सोयरीक ‘हेवी’शी आहे, थंडीची ‘बिटर’शी, उन्हाची ‘स्कॉर्चिंग’शी. गुन्हा ‘कमिट’ करतात, चूक ‘मेक’ करतात, निष्कर्ष ‘ड्रॉ’ करतात. यातला एकही शब्द अवघड नाही. पण या जोड्या बरोबर जमणाऱ्या माणसाचं इंग्रजी, दहा भारी शब्द फेकणाऱ्यापेक्षा पुढचं असतं. त्यामुळे वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, जोडी लिहायची. ‘कन्क्लूजन म्हणजे निष्कर्ष’ असं लिहून काम होत नाही. ‘ड्रॉ अ कन्क्लूजन’ असं लिही, आणि त्याखाली ते जिथं वाचलंस ते अख्खं वाक्य.

आता ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणजे काय ते बघू. शहरातल्या माणसाला कापूस म्हणजे कापूस. तुझ्या बाबांना पातं, म्हणजे कळी, वेगळं, फूल वेगळं, बोंड वेगळं, रुई वेगळी, सरकी वेगळी. पातेगळ झाली म्हणजे नेमकं काय झालं हे त्यांना एका शब्दात कळतं, दुसऱ्याला सांगायला चार वाक्यं लागतील. प्रगत शब्दसंग्रह तो हाच. जिथं इतरांना एकच वस्तू दिसते तिथं पाच वेगळ्या दिसणं, आणि पाचांना पाच नावं असणं. इंग्रजीतही ही नावं आहेत. बोंड म्हणजे ‘बोल’, रुई म्हणजे ‘लिंट’, आणि पातं म्हणजे चक्क ‘स्क्वेअर’. गणितातला चौरस आणि कपाशीचं पातं, दोघांना एकच शब्द. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शेतकऱ्यांसाठीचे सल्ले इंग्रजीत निघतात, मराठीतही निघतात. दोन्ही शेजारी ठेवून वाच. विषय तुला वाचायला बसण्याआधीच पाठ आहे, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांकडे देता येईल. अनोळखी विषयात अनोळखी शब्द शिकणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

माझं सांगते. लहानपणी आई मला भुईमुगाचा सरवा वेचायला न्यायची. मालकाचं पीक निघून गेलं की ओल्या मातीत राहिलेल्या शेंगा आम्ही बोटांनी उकरून काढायचो, आणि परकराच्या ओच्यात टाकायचो. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. पुढे कॉलेजात एका उताऱ्यात ‘ग्लीन’ हा शब्द आला. शब्दकोश उघडला आणि मी जागीच थांबले. पीक काढल्यावर रानात उरलेलं वेचणं, आणि त्यावरून इथून-तिथून थोडी थोडी माहिती गोळा करणं. त्या दिवसानंतर तो शब्द मला कधी पाठ करावा लागला नाही. माझी बोटं त्याला ओळखत होती.

असे तुझ्या ओळखीचे शब्द इंग्रजीत भरपूर आहेत, ते शेतातून आलेत म्हणून ओळख काढावी लागते इतकंच. बैलांच्या मानेवरचं जू घे. आपलं ‘जू’ संस्कृत ‘युग’ या शब्दातून आलं, आणि इंग्रजी ‘योक’, लॅटिन ‘जुगुम’ हे त्याचेच भाऊबंद. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे न्यायाधीश आणि भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात जाहीरपणे मांडलं होतं. आता ‘सब्जुगेट’ बघ. ‘सब’ म्हणजे खाली, म्हणजे जुवाखाली आणणं, गुलाम करणं. ‘कॉन्जुगल’ म्हणजे एका जुवाला जुंपलेल्या दोघांचं, दांपत्याचं. तुमच्या गोठ्यात टांगलेल्या एका लाकडावर इंग्रजीतले दोन जड शब्द बसले.

वखर घे. इंग्रजीत त्याला ‘हॅरो’ म्हणतात. एखादा अनुभव ‘हॅरोइंग’ होता म्हणजे काळजावरून वखर फिरला. नांगराचं तास, म्हणजे नांगरानं पाडलेली चर, घे. लॅटिनमध्ये तासाला ‘लिरा’ म्हणत, आणि तास सोडून भलतीकडे जाणं म्हणजे ‘डिलिरियम’, तापात बरळणं. आपण नाही का म्हणत, याचं बोलणं काही सरळ तासानं चाललेलं नाही? ‘ब्रॉडकास्ट’ हा रेडिओचा शब्द होण्याआधी पेरणीचा होता. मुठीनं बी फेकून पेरायचं, त्याला ‘ब्रॉडकास्ट’.

आणि कळप. लॅटिनमध्ये कळपाला ‘ग्रेक्स’ म्हणतात. कळपात आणून मिळवलं ते ‘ॲग्रिगेट’, तुझ्या गुणपत्रिकेवर असतं ते. सगळे एकत्र जमले ते ‘कॉन्ग्रिगेट’. कळपातून वेगळं काढलं ते ‘सेग्रिगेट’, ओला कचरा-सुका कचरा करतो तसं. ज्याला कळपातच करमतं तो ‘ग्रिगेरियस’, माणसांत रमणारा. कळपाबाहेर उठून दिसतो तो ‘इग्रीजियस’. पण इथं जपून. ‘इग्रीजियस’ पूर्वी ‘असामान्य चांगला’ होता, आता तो ‘ढळढळीत वाईट’ झालाय. ‘इग्रीजियस एरर’ म्हणजे डोळ्यांत खुपणारी घोडचूक. ‘नोटोरियस’चाच हा भाऊ. म्हणून मूळ कळलं की शब्द लक्षात राहतो, पण तो आज कोणाबरोबर फिरतो हे वाचूनच कळतं. नुसत्या मुळावर विसंबून शब्द वापरायचा नाही.

किती शब्द लागतात, हे विचारलंस. इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी सुमारे दोन हजार शब्दांची यादी मायकल वेस्ट यांनी 1953 मध्ये छापली. ते पूर्वी बंगालमध्ये शिक्षण खात्यात होते, आपल्यासारख्याच मुलांना इंग्रजी कसं शिकवावं यावर त्यांनी काम केलं. हे शब्द तुला बहुतेक येतातच. त्याच्या पुढची पायरी 2000 मध्ये न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी बांधली. विद्यापीठातल्या लेखनात, विषय कोणताही असो, जे शब्द पुन्हा पुन्हा येतात अशी 570 शब्दकुटुंबं त्यांनी काढली. कुटुंब म्हणजे ‘ॲनलाइझ’, ‘ॲनालिसिस’, ‘ॲनालिटिकल’ हे सगळे मिळून एक. तुझ्या फेलोशिपला, स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यांना हेच शब्द लागणार. कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर आठ-नऊ हजार कुटुंबं लागतात असा भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांचा 2006 मधला हिशेब आहे. आकडा ऐकून घाबरू नकोस, तो काही वर्षांचा प्रवास आहे आणि त्यातला बराचसा वाचनानंच होतो. तू आधी ती 570 घे. रोज तीन घेतलीस तरी सात महिन्यांच्या आत एक फेरा होतो. ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ या नावानं ही यादी नेटवर फुकट आहे. पण ती यादीसारखी वाचू नकोस. वाचनात ज्याची गाठ पडेल त्याच्यापुढं खूण करत जा.

चाळीस शब्द आठवड्यानं का जातात, तर सगळ्यांचेच जातात. 1885 मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला. पाठ केल्यावर पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त गळती होते, पुढे ती मंदावते. गळती व्हायच्या बेतात असताना पुन्हा आठवलं की शब्द घट्ट होतो. सेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं 1972 मध्ये यासाठी कप्प्यांच्या डब्याची सोपी रीत सांगितली, आणि ती खेड्यात करायला काहीच खर्च नाही. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या कर. एका अंगाला जोडी आणि वाक्य, पण शब्दाच्या जागी रेघ, दुसऱ्या अंगाला शब्द. चपलेच्या खोक्यात पुठ्ठा लावून चार कप्पे पाड. पहिला रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा महिन्यानं. आठवलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर पुन्हा पहिल्यात. उत्तर पाहायच्या आधी क्षणभर ताण देऊन आठवायचं. तो ताणच कामाचा असतो.

आणि वाचताना प्रत्येक अनोळखी शब्दामागं धावू नकोस. वेचणीला तू काय करतेस? फुटलेलंच बोंड वेचतेस. जे मिटलेलं आहे ते पुढच्या वेच्याला सोडतेस. वाचनातही पहिल्यांदा दिसलेला शब्द तसाच राहू दे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वेगळ्या जागी दिसला की समज तो फुटलाय, तेव्हा तो वहीत घे. दिवाळी ते संक्रांत, वेचणीच्या दिवसांत नवीन शब्द घेऊच नकोस. दहा जुन्या चिठ्ठ्या ओच्यात ठेव, दुपारच्या भाकरीनंतर काढ, बस. मन लावून नवीन वाचायचं ते उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी.

फोन रात्री मिळतो तो शब्दकोशाला आणि उच्चाराला वापर. शब्दकोश घेताना शिकणाऱ्यांसाठी बनवलेला घे, ज्यात प्रत्येक अर्थापुढं वाक्य असतं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते तेव्हा त्यांनी तुझीच अडचण पाहिली. मुलांना अर्थ माहीत होता, वापर माहीत नव्हता. त्यातून तयार झालेला त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि आजचे असे कोश त्याच वाटेनं आलेत. उच्चारासाठी बटण दाबून ऐक आणि मोठ्यानं म्हण, घरचे काय म्हणतील याची काळजी करू नकोस.

मराठी वाचणं बंद करू का, हे वाचून मला धस्स झालं. अजिबात नाही. उलट माझा सर्वांत आवडता उतारा तुला मराठीत आधीच पाठ आहे. शाळेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या पानांवर संविधानाची उद्देशिका असायची. ‘आम्ही, भारताचे लोक...’ आता तिचं इंग्रजी समोर ठेव आणि एकेक शब्दाखाली बोट धर. ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’, तिकडे ‘सॉलेम्नली रिझॉल्व्ह्ड’. ‘रिझॉल्व्ह’ म्हणजे ठरवणं, पण नुसतं ठरवणं ‘डिसाइड’मध्येही होतं. इथं मागं न फिरण्याची भाषा आहे, म्हणून मराठीनंही ‘निर्धार’ घेतला. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’, तिकडे ‘डिग्निटी ऑफ द इंडिव्हिज्युअल’. ‘डिग्निटी’ची सोयरीक माणसाशी, श्रमाशी. पैशाच्या प्रतिष्ठेला तो शब्द चालणार नाही, तिथं ‘प्रेस्टीज’, ‘स्टेटस’ लागेल. ‘बंधुता’, तिकडे ‘फ्रॅटर्निटी’, आणि त्यात लॅटिन ‘फ्रेटर’ म्हणजे आपला ‘भ्रातृ’. एका परिच्छेदात तुला वीसेक भारदस्त शब्द मिळतील, ज्यांचा अर्थ तू सहावीतच तोंडपाठ म्हटला आहेस.

बाबासाहेबांचं इंग्रजी वाच असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायचे, त्याचंही कारण हेच. 1936 मध्ये त्यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या आपल्या भाषणाच्या नावात ‘ॲनिहिलेशन’ हा शब्द घेतला. सुधारणेला ‘रिफॉर्म’ होता, संपवायला ‘अबॉलिशन’ होता. ‘ॲनिहिलेशन’मध्ये लॅटिन ‘निहिल’ आहे, म्हणजे काहीच नाही. जातीची नाव-निशाणीही उरू नये, एवढं त्यांना म्हणायचं होतं. त्याहून सौम्य शब्द खोटा ठरला असता. मोठा शब्द घ्यायचा तो अशा वेळी. बाकी वेळी साधा शब्द पुरतो, आणि पुरत असेल तर तोच घे.

आता तुझे बाबा. मराठीत आपण त्यांना मुरलेला शेतकरी म्हणू. इंग्रजीत त्याला ‘सीझन्ड’ म्हणतात. वाळवून पक्कं केलेलं लाकूड ‘सीझन्ड’, मुरलेला राजकारणी ‘सीझन्ड’, आणि कित्येक हंगाम पाहिलेला शेतकरीही. ‘माय फादर इज अ सीझन्ड कॉटन ग्रोअर. पीपल फ्रॉम फोर व्हिलेजेस कम टू हिम फॉर ॲडव्हाइस.’ दुसऱ्या वाक्यात सगळे शाळेतले शब्द आहेत, तरी बाबा कोण आहेत हे जास्त त्यातूनच कळतं.

आज रात्री जेवण झाल्यावर बाबांना मुलाखतीत काय झालं ते सांग, ‘नोटोरियस’सकट. मग वही घेऊन त्यांच्यापुढं बस आणि पातं धरल्यापासून बोंड फुटेपर्यंत ते कशाकशाला काय काय म्हणतात ते सगळं उतरवून घे. त्या पानाच्या उजव्या बाजूला इंग्रजीसाठी जागा सोड. ते पान भरलं की मला पाठव, जोड्या मी तपासून देईन.

तुझी,
मॅडम